दिवाळीपूर्वीचे पत्र

नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये, शाळेची घंटा आता आपल्यावाचून वाजत आहे हे घरच्या ओसरीवर बसून ऐकताना, मला रुखरुख लागली ती हजेरीपटाची. एकतीस वर्षे दररोज सकाळी पन्नास-साठ नावे मी उच्चारीत आले होते आणि प्रत्येक नावाला कोठून तरी "हजर" असे उत्तर मिळत आले होते. ती नावे पुढे पुण्या-मुंबईस गेली, सैन्यात गेली, परदेशी गेली, काही याच कृष्णाकाठच्या गावात शेती करीत राहिली, आणि त्यांच्यापैकी कोणी वाटेत भेटून "बाई, कशा आहात?" असे विचारले, की दोन मिनिटांत सांगून होईल एवढेच मी सांगत असे आणि उरलेले मनात घेऊन घरी येत असे. त्या वर्षी दिवाळीपूर्वी मी एक पत्र लिहिले आणि त्याच्या प्रती सुमारे ऐंशी घरी पाठविल्या. तेव्हापासून दरसाल हा क्रम चालू आहे. माझ्या बरोबरीच्या निवृत्त शिक्षकांपैकी अनेकांना असे पत्र लिहावेसे वाटते, परंतु कागद समोर घेतला की मुलांची प्रगती, गुडघ्याचे दुखणे आणि चारधामची यात्रा या तीन गोष्टींपलीकडे लेखणी सरकत नाही, अशी तक्रार ते करतात. त्यांच्यासाठी अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी येथे मांडीत आहे.

प्रथम सामग्रीविषयी. वर्षाची हकीकत ऑक्टोबरात आठवून लिहू पाहणाऱ्याला फक्त ठळक प्रसंग आठवतात, आणि ठळक प्रसंग सर्वांच्या घरी सारखेच असतात. यासाठी वेगळी रोजनिशी ठेवण्याची चिकाटी ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ती अवश्य ठेवावी; माझ्यापाशी ती नाही, म्हणून मी भिंतीवरच्या कालनिर्णयाचाच आश्रय घेते. दूध किती लिटर आले, गॅसची टाकी कधी लावली, दातांच्या डॉक्टरांकडे कोणत्या तारखेस जावयाचे, हे आपण त्या चौकटींत लिहीतच असतो. त्याच चौकटीत मी चार शब्द अधिक लिहिते. "नात पहिल्यांदा एकटी एसटीने आली", "विहिरीवरचा आंबा पडला", "यांना चष्म्याविना वाचता आले" एवढ्या ओळी पुरतात. महिना संपला की पान उलटावे, फाडून टाकू नये. आणि वर्ष सरल्यावर ते कालनिर्णय रद्दीत न देता दप्तरात ठेवावे. शिक्षकाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, जूनमध्ये होते. म्हणून माझे पत्रही जून ते मेचा हिशेब सांगते आणि त्यानंतरच्या चार महिन्यांतले फार महत्त्वाचे असेल तेवढेच शेवटी जोडते.

लिहिण्याचा मुहूर्त दसऱ्याचा असावा आणि पत्र वसुबारसेपूर्वी पोहोचावे, असा माझा आग्रह आहे. व्यापारी लोक बलिप्रतिपदेस नवी वही उघडतात, त्यापूर्वी जुनी खतावणी पुरी करतात. तो शिरस्ता आपणही पाळण्यासारखा आहे. शिवाय दिवाळी हा मराठी माणसाचा वाचनाचा काळ आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी काहीतरी छापील असावे ही सवय आपल्याकडे रुजली आहे, आणि त्या चार निवांत दिवसांत आलेले पत्र शेवटपर्यंत वाचले जाते, इतकेच नव्हे तर घरात मोठ्याने वाचून दाखविले जाते. मोठ्याने वाचले जाणार आहे हे ध्यानात ठेवून ते लिहावे.

आता मुख्य गोष्ट. पत्र ऐंशी घरी जात असले तरी ते ऐंशी जणांना उद्देशून लिहिता येत नाही. तसे लिहू गेले की त्याचे परिपत्रक होते, आणि परिपत्रके आपण सेवेत असताना पुष्कळ वाचली आहेत. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' पुतणी सुधा हिला लिहिलेली आहेत. ती एका मुलीसाठी लिहिली गेली आणि म्हणूनच हजारो घरांतल्या मुलांना आपली वाटली. आपणही एक माणूस मनासमोर ठेवावा. मी दरवर्षी निराळा ठेवते: एका वर्षी धाकटी बहीण, एका वर्षी नागपूरला डॉक्टर असलेला माझा एक विद्यार्थी, एका वर्षी तर जिच्याशी दहा वर्षे बोलणे झाले नव्हते अशी एक जुनी सहशिक्षिका. लिहिलेले प्रत्येक वाक्य त्या एकाच्या हाती देऊन पाहावे आणि स्वतःस विचारावे, की हे वाचून त्याला काय कळेल, काय विचारावेसे वाटेल, काय करता येईल. ज्या वाक्याने यांपैकी काहीच घडणार नाही ते वाक्य, कितीही अभिमानाचे असो, गाळावे.

मायन्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण आपल्या पिढीतही त्यात घोटाळा होतो. वडीलधाऱ्यांस तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, लहानांस चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, बरोबरीच्यांस सप्रेम नमस्कार, ही जुनी व्यवस्था व्यक्तिगत पत्रात आजही शोभते, परंतु एकच मजकूर सर्वांना जात असेल तेव्हा "स. न. वि. वि." हा मायना सर्वांना लागू पडतो आणि कोणाचा मान त्यात उणा होत नाही. विधवा भगिनींच्या नावामागे "गं. भा." लिहिण्याची रीत मात्र मी सोडली आहे आणि वाचकांनीही सोडावी असे मला कळकळीने वाटते. लखोट्यावरच्या दोन अक्षरांनी एखाद्या बाईला तिच्या दुःखाची दर वेळी आठवण करून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. "श्रीमती" हा शब्द पुरेसा आहे.

कुटुंबाच्या वार्तेत सर्वांत मोठी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सांगते. एका वर्षी माझ्या मुलाची नोकरी सुटली होती आणि तो दुसरीच्या शोधात होता. मी ते पत्रात लिहिले. हेतू एवढाच, की आप्तेष्टांपैकी कोणाला काही ठाऊक असेल तर त्यांनी कळवावे. पत्र पोहोचल्यावर त्याला जे दूरध्वनी आले त्यांत नोकरीची माहिती देणारे दोन होते आणि सांत्वन करणारे वीस. त्याने मला एवढेच म्हटले, "आई, मला विचारायचं होतंस." त्या दिवसापासून माझा नियम असा आहे, की माझ्याखेरीज अन्य कोणाच्याही जीवनातली गोष्ट त्या व्यक्तीला त्या परिच्छेदाची नक्कल वाचावयास देऊन, तिची संमती घेऊनच पत्रात यावी. सुनेला दिवस गेले आहेत, मुलीने घर विकले, जावयाची बदली झाली, या त्यांच्या वार्ता आहेत. आपण केवळ त्यांचे ऐकणारे आहोत. नातवंडांचे गुण तर लिहूच नयेत. आपण जन्मभर गुण दिले, आणि गुणांच्या यादीने मुलाचे काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यापेक्षा ते मूल हल्ली कोणता प्रश्न विचारते ते लिहावे. माझ्या नातवाने गेल्या वर्षी विचारले, की आजी, तू लहान असताना रात्री अंधार आजच्यापेक्षा जास्त होता का? मी हा प्रश्न पत्रात लिहिला, आणि त्या एका प्रश्नाला कंदिलाच्या, चिमणीच्या, शिमग्याच्या होळीच्या आठवणींनी भरलेली अकरा उत्तरे आली.

घरात मृत्यू घडला असेल तर त्याची पहिली वार्ता या पत्राने देऊ नये. पूर्वी अशुभ वार्तेच्या पत्राचा कोपरा फाडलेला असे आणि शुभ वार्तेच्या पत्रास हळदकुंकवाचे बोट लावलेले असे. वाचणाऱ्याला लखोटा उघडण्यापूर्वीच मनाची तयारी करता यावी, ही त्यामागची समज मोठी शहाणपणाची होती. ज्यांना कळविणे आवश्यक आहे त्यांना त्या-त्या वेळीच स्वतंत्रपणे कळवावे. वर्षाच्या पत्रात गेलेल्या माणसाचा उल्लेख आरंभीच यावा, शेवटी येऊ नये, कारण आधी तीन पाने प्रवासाची मौज वाचून मग ती ओळ वाचणाऱ्याला आपण हसलो याची अपराधी जाणीव होते. उल्लेखात वय आणि आजार यांपेक्षा त्या माणसाची एखादी सवय लिहावी. माझ्या थोरल्या जावेबद्दल मी लिहिले ते इतकेच, की त्या कोणाच्याही घरून निघताना उंबऱ्यावर थांबून पाण्याच्या कळशीवर झाकण आहे ना हे पाहत असत.

आता प्रकृती. दर नोव्हेंबरात आपण निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागे, २०१४ पासून 'जीवन प्रमाण' योजनेने तो घरूनही देता येतो. त्या दाखल्याने आपण जिवंत आहोत एवढे शासनाला कळते. आपण कसे आहोत हे ज्यांना कळावयास हवे त्यांना मात्र आपण "प्रकृती ठीक आहे" या तीन शब्दांत वाटेला लावतो. हा संकोच मला कळतो; दुखणी सांगत बसणे हे रडगाणे वाटेल अशी भीती त्यामागे असते. परंतु एका वर्षी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघून तेथे स्टेंट घातला गेला आणि त्या वर्षीच्या पत्रात मी त्याचा उच्चारही केला नाही. नागपूरच्या ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख मी वर केला तो स्वतः हृदयरोगाचा डॉक्टर आहे. त्याला ही गोष्ट दोन वर्षांनी तिसऱ्याकडून कळली. तो दोनशे कोसांवरून भेटीस आला, माझे सर्व कागद पाहिले, औषधांत काही चूक नाही याची खात्री करून घेतली आणि जाताना म्हणाला, "बाई, शाळेत तुम्ही आम्हाला सांगत होतात की समजलं नाही तर हात वर करा. तुम्ही हात वर केला नाहीत." मला त्यावर बोलता आले नाही.

तेव्हापासून मी प्रकृतीच्या वार्तेचे दोन भाग करते. पत्रात येते ते असे: काय झाले, केव्हा झाले, आता काय करता येते आणि काय करता येत नाही. "एप्रिलमध्ये उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर स्वयंपाकघरातील भिंत मला वाटत होती तशी पिवळी नसून पांढरी आहे हे कळले, आता वाचन दोन तास होते, रात्रीचा प्रवास टाळते." एवढ्या एका वाक्यात वाचणाऱ्याला सर्व कळते: पुस्तक पाठविण्यास हरकत नाही, लग्नाचे बोलावणे संध्याकाळचे असेल तर मुक्कामाची सोय करावी लागेल. तपासण्यांचे आकडे पत्रात देऊ नयेत. रक्तदाब किती, आणि मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीचा आकडा किती, यांचे स्थान दुसऱ्या भागात आहे.

हा दुसरा भाग म्हणजे एक स्वतंत्र कागद, जो फक्त मुलांना आणि एखाद्या विश्वासू शेजाऱ्याला द्यावयाचा. त्यावर रक्तगट, चालू औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची बाधा होते, आजवरच्या शस्त्रक्रिया व त्यांच्या तारखा, नेहमीचे डॉक्टर, विम्याचे कागद घरात कोठे आहेत, हे सर्व लिहून खाली तारीख घालावी आणि दर दिवाळीला जुना कागद परत मागवून फाडून नवा द्यावा. जुना कागद कोणाच्या तरी पाकिटात राहिला आणि अडचणीच्या वेळी बंद झालेले औषध त्यावरून दिले गेले, तर कागद नसण्यापेक्षा ते वाईट. ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांनी आणखी एक नोंद त्यावर अवश्य करावी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची तरतूद झाली आहे. ते कार्ड काढले असेल तर ते कोठे ठेवले आहे हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. ऐन रात्री कपाटे उलथीपालथी करणाऱ्या मुलांची अवस्था मी शेजारच्या घरी पाहिलेली आहे.

प्रवासाच्या वार्तेत आपण शिक्षक लोक एक दोष हटकून करतो: आपण भूगोल शिकवू लागतो. अमुक दिवशी अमुक गावी पोहोचलो, तेथील लोकसंख्या, तेथील मंदिराची उंची, भोजन उत्तम, दुसऱ्या दिवशी प्रयाण. हे सर्व कोणत्याही मार्गदर्शिकेत असते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळविण्याच्या आशेने उत्तरेस निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा ते त्या शहरातच होते. आणि ही हकीकत त्यांनी लिहून काढली ती १८८३ साली, म्हणजे पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. लढाईच्या तारखा इतिहासकारांनी अन्यत्रही दिल्या आहेत; परंतु एका सामान्य भिक्षुकाला त्या दिवसांत कशी भीती वाटली, कोठे लपावे लागले, काय खावयास मिळाले, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार होते? आपल्या दहा दिवसांच्या सहलीलाही हीच कसोटी लावावी, आणि सर्व गावे सोडून एकाच जागी थांबावे.

माझे उदाहरण सांगते. मागे आम्ही उभयता तंजावरला गेलो. प्रवास सहा शहरांचा होता. पत्रात मी एकच भिंत लिहिली. राजराज चोळाने बांधविलेल्या बृहदीश्वराच्या त्या प्रचंड आवारात, लोक विमानाचे शिखर पाहण्यात दंग असताना, प्राकाराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र देवनागरी अक्षरांत मराठीतून कोरलेले आहे. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशातील सरफोजीराजे यांनी ते १८०३ साली कोरविले. मी वर्गात व्यंकोजीराजांचे नाव एकतीस वर्षे घेतले होते, बहुधा एकाच वाक्यात, आणि पुढच्या धड्याकडे वळले होते. त्या भिंतीपाशी उन्हात उभी राहून मी बोटाने ओळ धरून अक्षरे लावू लागले. अर्ध्या तासात जेमतेम काही ओळी लागल्या. तमिळ बोलणारी एक शाळकरी मुलगी जवळ येऊन माझ्या ओठांकडे पाहत राहिली, आणि तिच्या आईने खुणेने विचारले, की हे तुम्हांला वाचता येते? येते, असे मी मान हलवून सांगितले. माझ्या सर्व सहलींतून पत्रात लिहिण्याजोगे एवढेच होते, आणि ते वाचून माझे तीन विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन तंजावरला जाऊन आले. त्यांतला एक तर पुढे तेथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांच्या ओढीने मोडी शिकू लागला आहे.

जे वाचक तुमच्या मागून त्याच वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी शेवटी दोन ओळी व्यवहाराच्या असाव्यात: कोणत्या महिन्यात गेलो, पायऱ्या किती चढाव्या लागल्या, बसावयास सावली कोठे होती. भाड्याविषयी जुन्या समजुतीवर कोणी निघू नये, म्हणून तेही लिहावे. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे अनेकांना तिकीट काढतानाच कळते. उलट राज्य परिवहनाच्या बसने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून विनामूल्य, आणि सर्व स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात राज्यभर जाता येते. पुढे करावयाच्या प्रवासाच्या तारखा मात्र पत्रात कधीही देऊ नयेत. ऐंशी घरी जाणारे पत्र ऐंशीच जण वाचतात असे नाही, आणि घर केव्हा बंद असणार हे जगाला सांगण्याचे कारण नाही.

लांबी दोन कागद, पाठपोट. त्याहून अधिक नको. नेहमीच्या ए-४ आकाराच्या कागदाचे वजन सुमारे ५ ग्रॅम असते, म्हणून दोन कागद आणि लखोटा टपालाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सहज बसतात. मी मजकूर हाताने लिहिते, झेरॉक्स काढते आणि प्रत्येक प्रतीच्या तळाशी चार बोटे जागा मोकळी सोडून तेथे त्या-त्या घरासाठी दोन ओळी शाईने लिहिते. या दोन ओळींना दसऱ्यापासूनचे दहा दिवस लागतात आणि संपूर्ण पत्रात त्याच प्रथम वाचल्या जातात. व्हॉट्सॲपवर पाठवावयाचे असल्यास त्याच कागदाचे छायाचित्र पाठवावे, परंतु गटावर टाकू नये, एकेकाला पाठवावे. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे त्यांच्यासाठी मोठ्या टंकात छापून घ्यावे. पत्त्यावर पिनकोड विसरू नये. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली ही सहा अंकांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील आपल्याच एका संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने आखली. तिचे पहिले तीन अंक पत्र कोणत्या जिल्ह्यात छाटले जावे ते सांगतात आणि पुढचे तीन थेट वाटपाच्या कचेरीपर्यंत पोहोचवितात. एक अंक चुकला तर दिवाळीचे पत्र देवदिवाळीला पोहोचते.

राहिले उत्तरांचे. ज्या जुन्या हजेरीपटाची प्रत शाळेने मला निरोपाच्या वेळी कोरीच दिली, त्यात मी या ऐंशी घरांची नावे लिहिली आहेत आणि दर वर्षाला एक रकाना आहे. उत्तर आले की खूण करते, मग ते चार पानांचे असो की "पत्र मिळाले, बाई" एवढेच असो. आणि आलेल्या उत्तराला पंधरा दिवसांच्या आत दोन ओळींची पोच देते. ज्याचा रकाना एक वर्ष रिकामा राहिला त्याला काही विचारीत नाही. माणसे कामात असतात. ज्याचा दोन वर्षे रिकामा राहिला त्याला मात्र पौष संपण्यापूर्वी दूरध्वनी करते, पत्राविषयी चकार शब्द न काढता. गेल्या पौषात असे तीन दूरध्वनी करावयाचे होते. एकाचा पत्ता बदलला होता, एकीची आई अंथरुणाला खिळून होती, आणि तिसऱ्याने, जो वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे आणि नाव पुकारल्यावर नेहमी उशिराने उत्तर देत असे, दोन्ही पत्रे घडी करून ट्रकच्या पुढल्या काचेपाशी ठेवली असल्याचे सांगितले. त्याला लिहिण्यासारखे काही सुचत नव्हते, म्हणून त्याने लिहिले नव्हते. मी त्याच्या दोन्ही रकान्यांत खुणा केल्या.